फक्त निर्यातीसाठी

नारायणगावात माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, मी चालवतो, माझ्यानंतर कोणी चालवेल असं दिसत नाही. मुलगी पुण्यात असते. तिला शेणाचा वास सोसत नाही, आणि माझ्या दुकानात पाय टाकणाऱ्या प्रत्येकाच्या चपलेला थोडं तरी शेण असतंच. मला त्या वासाचं काही वाटत नाही. मला कंटाळा येतो तो कागदांचा. पूर्वी शटर वर केलं की नवकार मंत्र म्हणायचा आणि पहिल्या गिऱ्हाइकाचं तोंड बघायचं. आता नवकार म्हणून रजिस्टर उघडायचं, गिऱ्हाईक तोवर उभं असतं.

आजोबा राजस्थानातून आले ते कापडाचे तागे घेऊन. वडिलांनी कापड सोडलं आणि हा धंदा धरला. मुक्या जिवाला बरं करायचा धंदा आहे, यात पाप लागत नाही, असं ते म्हणायचे. आमच्या घरात मारवाडी आता फक्त रागावण्यापुरती उरली आहे, बाकी सगळं मराठीत चालतं. तरी गावाला मी 'शेठ'च. खिशात काही नसलं तरी शेठ.

वडिलांनी मला धंद्यातलं फार काही शिकवलं नाही. कुठलं औषध कशावर, हे कंपनीची माणसं सांगत आणि मी पाठ करत असे. त्यांनी एकच गोष्ट हाताला लावली. इंजेक्शन मागायला कोणीही आलं की आधी विचारायचं, "गाभण आहे का?" उत्तर आल्याशिवाय हात कपाटाकडे न्यायचा नाही. जंताच्या औषधाला तेच, जुलाबाच्या गोळीलाही तेच. ज्या औषधांना गाभणीचं काही वावडं नाही, ती मी न विचारता देत असे. मलम, गोचिडाची पावडर, खनिज मिश्रण, हे सगळं बिनाचौकशीचं. लोकांनाही याची इतकी सवय झाली होती की काही जण दुकानाची पायरी चढता चढताच सांगायचे, "गाभण न्हाई शेट, आदीच सांगतो." एकदा एकाने बैलासाठी इंजेक्शन मागितलं आणि मी सवयीने त्यालाही विचारलं. तो माणूस अजून भेटला की चारचौघांत विचारतो, "काय शेट, आमचा बैल कवा व्यायचाय?"

या प्रश्नाची खरी गरज होती ती सुजेच्या इंजेक्शनला. आम्ही सगळे त्याला सुजेचं इंजेक्शनच म्हणायचो. ते स्टेरॉइड आहे हे मला माहीत होतं, पण हा शब्द इकडे कोणाच्या तोंडी नव्हता. तो नंतर आला, व्यायामशाळेतल्या पोरांबरोबर. हे इंजेक्शन मोठं गुणाचं. सांधा सुजून जागचं न हलणारं जनावर दुसऱ्या दिवशी उठून वैरणीकडे बघतं. त्यामुळे लोकांचा त्याच्यावर भारी विश्वास. पण सात-आठ महिन्यांच्या गाभण गाईला तेच टोचलं तर गाय वासरू टाकते. इकडे त्याला गाय गाभडली म्हणतात. ऐकायलाच नको वाटणारा शब्द आहे.

डॉक्टरच्या चिठ्ठीचं म्हणाल तर ती तेव्हा कोणी आणत नसे आणि मीही मागत नसे. कायद्याने मागायला हवी होती. बाटलीवर तांबडी रेघ असते, तिचा अर्थ मला कळत होता. पण डॉक्टर एक आणि गावं दहा. माणूस दहा मैलांवरून जीप पकडून येणार, त्याला चिठ्ठी आण म्हणून परत पाठवायचं म्हणजे तो दुसऱ्या दुकानात जाणार. म्हणून मी प्रश्न विचारायचो आणि बाटली द्यायचो. चिठ्ठीच्या जागी माझा प्रश्न होता, असं म्हटलं तरी चालेल. ही वाईट सवय लोकांना लावली आम्हीच, आणि मग आम्हीच त्यांना नियम सांगायला बसलो.

नियम कडक झाले ते विनाकारण झाले असं मी म्हणणार नाही. बैलगाड्याच्या शर्यती बंदीनंतर पुन्हा सुरू झाल्या आणि घाटाघाटांतून, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्यांवर, बैलांना काहीबाही टोचल्याच्या गोष्टी कानावर यायला लागल्या. इकडे व्यायामशाळेतली पोरं दंड फुगवायला घोड्या-बैलांची इंजेक्शनं शोधत फिरत होती. एक तर माझ्याच काउंटरला टेकून विचारत होता, "शेट, घोड्याचं काय हाय का?" मी त्याला म्हटलं, गवत आहे, देऊ का? तो हसला आणि गेला, पण त्याला कुठेतरी मिळालं असणार. आणि तिसरी गोष्ट परदेशी जाणाऱ्या मालाची. आपल्याकडच्या कारखान्यांत जनावरांची स्टेरॉइडं बनतात आणि बाहेरच्या देशांत जातात. त्यातला माल कागदावर जहाजात चढायचा आणि प्रत्यक्षात मागल्या दाराने इथेच फिरायचा. मग सरकारने निर्यातीच्या परवानग्या घट्ट केल्या. प्रत्येक खोक्यामागे कागद, प्रत्येक कागदामागे दुसरा कागद. वरचा घट्टपणा झिरपत झिरपत माझ्या काउंटरपर्यंत आला. शेजारच्या तालुक्यात एकाच्या दुकानाला सील लागलं, आणि मी मुकाट्याने नवं रजिस्टर आणलं.

त्या वर्षी चैत्रात, गावोगावच्या यात्रांच्या दिवसांत, औषध निरीक्षक माझ्याकडे आले. वर्षातून दुसऱ्यांदा. माणूस वाईट नव्हता. घामाघूम झालेला, डोळे तारवटलेले, खांद्याला जड पिशवी. चार तालुके त्यांच्याकडे आणि गाडी मिळाली तर मिळाली. त्यांनी सुजेच्या इंजेक्शनचं पान उघडलं, एकेका नोंदीवर बोट ठेवून चिठ्ठी मागितली. दोन चिठ्ठ्या सापडेनात. मी सगळे खण उलथेपालथे केले. शेवटी त्या बिलबुकात निघाल्या. साहेब पाणी प्यायले आणि म्हणाले, "शेठ, एक जरी बाटली चिठ्ठीशिवाय गेली तर मला काही करता येणार नाही, आधीच सांगतो." मी मान हलवली. ते गेले आणि मी तसाच बसून राहिलो. ह्या वयात कोणी बोट ठेवून हिशेब विचारावा, याचा मला संताप येत होता आणि भीतीही वाटत होती.

साहेबांची पाठ वळून अर्धा तास झाला नसेल, तेवढ्यात पिंपरी पेंढारची ताई आली.

ही माझी फार जुनी गिऱ्हाईक. नवरा चाकणला कंपनीत, सुट्टीच्या दिवशी येतो. शेत आणि गोठा हिच्या अंगावर. हिच्या लग्नात आईने एक कालवड दिली होती, तिच्याच वंशाच्या गाई हिच्या दावणीला होत्या. लम्पीच्या साथीत दोन गेल्या. एक थकली होती. उरली ती एकच, तांबडी, आणि ती गाभण राहीना. तीन वेळा भरवली, तिन्ही वेळा उलटली, म्हणजे गर्भ न धरता पुन्हा माजावर आली. ताई दर खेपेला दुकानात येऊन मला सगळं सांगायची, मी खनिज मिश्रणाचं पाकीट द्यायचो आणि धीर द्यायचो. दुसरी गाय आण म्हणून तिला सगळ्यांनी सांगितलं. ती म्हणायची, "गाय मिळंल शेट, पर ही आईची हाय. हिला एक कालवड व्हऊ दे, मग बघू." तिचं सारं लक्ष त्या एका कालवडीवर लागलं होतं. आणि दिवाळीच्या तोंडावर ती पेढे घेऊन आली होती. "शेट, ऱ्हायली! डॉक्टरांनी हात घालून बघितलं, दोन म्हयन्याची हाय." मी पेढा खाल्ला होता. तोंड भरून अभिनंदन केलं होतं.

हे सगळं मला माहीत होतं. त्या दिवशी मात्र माझ्या डोक्यात रजिस्टर होतं.

ती म्हणाली, "शेट, सुजंचं इंजेक्शन द्या. तांबडी पाटावर घसरली. मागला पाय लई सुजलाय, टेकवीत न्हाई."

मी म्हटलं, "चिठ्ठी?"

"कसली चिठ्ठी?"

"डॉक्टरची. आता चिठ्ठीशिवाय मिळत नाही."

"डॉक्टर न्हाईत जागंवर. पेठच्या अंगाला घाटात ड्युटी लागलीया त्यांची, बैल तपासायला. परवा येतील म्हनं."

"मग परवा चिठ्ठी घेऊन या."

"आजपोतर तुमी कवा मागितली न्हाई," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तिला फक्त नवल वाटलं होतं. मी रजिस्टरवर हात ठेवून म्हटलं, "नियम आहे ताई. माझ्या हातात नाही." मग ती गेली. मला उगीच बरं वाटलं. परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला बरोबर उत्तर दिल्यासारखं. अर्ध्या तासापूर्वी जे सांगितलं गेलं, ते मी लगेच पाळून दाखवलं होतं.

चार दिवसांनी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. आमच्या भागातले सरकारी डॉक्टर, तरुण आहेत, पण या नोकरीने त्यांचे केस लवकर पिकले. म्हणाले, "शेठ, जरा पिंपरी पेंढारला येता का? एका बाटलीवरचं लेबल मला लागत नाही. तुमच्या ओळखीचं असलं तर बघा." कोणाचा गोठा ते त्यांनी सांगितलं आणि तेव्हा, फोन कानाला असतानाच, मला तो दिवाळीचा पेढा आठवला. दिवाळीपासून चैत्रापर्यंत मी बोटांवर महिने मोजले. मोजायची गरज नव्हती.

स्कूटरवरून गेलो. रस्त्याने द्राक्षाच्या बागा उतरलेल्या, काढणी संपून वेली मोकळ्या झालेल्या. गोठ्याच्या दाराशी एक पोतं झाकून ठेवलं होतं. त्याखाली काय आहे ते मी विचारलं नाही. तांबडी उभी होती, पायाची सूज खरंच उतरलेली होती, चारही पाय तिने नीट टेकवले होते. वासरामागची वार अडकली होती, ती डॉक्टरांनी नुकतीच सोडवली होती आणि ते बादलीत कोपरापर्यंत हात धूत होते. ताई भिंतीला टेकून बसली होती.

"कालवड व्हती शेट," ती एवढंच म्हणाली.

तिचा दीर बाटली घेऊन पुढे आला. ह्या दिराची द्राक्षाची बाग आहे, माल परदेशी जातो. कष्टाळू माणूस. शब्दाला जागणारा. त्याचा चेहरा उतरून गेला होता, पण बोलायला लागला तेव्हा आवाजात अजून थोडा हट्ट होता. "शेट, भारी माल व्हता ह्यो. एक्स्पोर्टचा. मी सोता वाचलंय, बघा की."

मी बाटली हातात घेतली. लेबल कुठल्या तरी परक्या लिपीत होतं. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत दोन ओळी होत्या: फक्त निर्यातीसाठी, भारतात विक्रीसाठी नाही.

हे वाचून त्याला काय वाटलं असेल, ते आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगायला नको. आमच्याकडे एक्स्पोर्ट या शब्दाएवढा मोठा शब्द नाही. बागेतला पहिला, एकसारखा, डाग नसलेला, औषधाचा अंश तपासून पास झालेला घड एक्स्पोर्टला जातो. उरलेला पुण्या-मुंबईला, आणि त्यातूनही उरलेला घरात. टोमॅटोचंही तेच. पोरीला स्थळ चांगलं आलं तरी लोक गमतीने म्हणतात, एक्स्पोर्टचा माल हाय राव. भारतात विकायचं नाही, असं लिहिलेली वस्तू म्हणजे आपल्याला परवडणार नाही एवढी चांगली वस्तू, हे त्याने आयुष्यभर स्वतःच्या हाताने खोकी भरून शिकलेलं होतं.

"भाईरच्या देशात जाणारं म्हंजी तपासल्यालंच असणार की," तो म्हणाला. "आमच्या एका घडात अंश घावला तर कंटेनर माघारी येतो. मग औषध काय बिनतपासाचं धाडत्यात व्हय?"

मला त्याला रागावता आलं नाही. त्याचा हिशेब सरळ होता. डॉक्टरांनी हात पुसले आणि म्हणाले, "भाऊ, औषधाचं उलटं असतं. जे मिश्रण इथे विकायला परवानगी नाही, ते बाहेरच्या मागणीवरून बनवतात आणि त्यावर तसं लिहितात." दीर त्यांच्याकडे बघत राहिला. ऐकलं सगळं, पण ते त्याला पटायला वेळ लागणार होता.

बाटली कुठून आणली, हे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "तुमच्याच घाटातून."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. माझ्याकडून परत गेल्यावर ताई त्याच्याकडे गेली. शेठ चिठ्ठी मागतात म्हणाली. तर हा भला माणूस मोटरसायकल काढून पेठकडे निघाला, डॉक्टरांकडून चिठ्ठी आणायला. घाटात तोबा गर्दी, गाड्यांची रांग, वर डॉक्टर एकेका बैलाचं तोंड उघडून, डोळे बघून, टोचल्याच्या खुणा शोधत होते. याने खालून हाका मारल्या. कोणीतरी सांगितलं, साहेब संध्याकाळशिवाय मोकळे होत नाहीत. उन्हात दोन तास उभा राहिला. तिथे मोटरसायकलला पिशवी लावून एक जण उभा होता, त्याच्याभोवती बैलवाले. त्याने विचारलं, काय पावणं, काय पायजे? याने सांगितलं. पिशवीतून बाटली निघाली. चिठ्ठी घ्यायला गेलेला माणूस औषधच घेऊन आला आणि आपण वहिनीचं काम केलं या समाधानात घरी आला. किती टोचायचं ते पिशवीवाल्यानेच सांगितलं होतं, बैलाच्या मापाने.

डॉक्टरांनी बॅग आवरायला घेतली. त्यांनी त्या दिवशी घाटात किती बैल तपासले, आणि त्यांच्या पाठीमागे तीसेक पावलांवर काय विकलं जात होतं, हे ते मनातल्या मनात जुळवत असावेत. माझ्याइतकेच तेही दमलेले दिसले.

मी निघालो तेव्हा ताई दारापर्यंत आली. मला वाटलं आता ही बोलेल. चार शब्द वाईट बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुमी दिलं न्हाई ते येक बरं झालं शेट. न्हाईतर तुमच्या माथी आलं असतं."

स्कूटर सुरू करायला मला तीन किका माराव्या लागल्या.

बाटलीची खबर मी निरीक्षक साहेबांना दिली. ते आठवड्याने आले. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पंचनामा लिहिला, माझी सही घेतली. ते सांगत होते ते मी ऐकत होतो. परवानगी अडकली की माल गोदामात पडतो. पडलेला माल कोणीतरी उचलतो. तोच मग जिममध्ये जातो, घाटात जातो. जितका नियम घट्ट तितकी त्या पिशवीची किंमत वाढते, असंही ते म्हणाले, आणि असं म्हणायला नको होतं हे लक्षात येऊन गप्प झाले. मग माझं रजिस्टर चाळून म्हणाले, "तुमचं मात्र स्वच्छ आहे शेठ. तुमच्यासारखे सगळे असते तर हा त्रासच नव्हता." मी त्यांना चहा सांगितला. मला ते शब्द इतके लागले की चहा येईपर्यंत मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. पुढे दोन-तीनदा फोन करून विचारलं, त्या माणसाचं काय झालं? दर वेळी उत्तर एकच, चालू आहे. पिशवीवालाही चालू असणार.

त्या महिन्यांत मी नीट झोपलो नाही, जेवण जात नव्हतं. बायकोला वाटलं पित्त वाढलंय. दिवसभर माणसं येत, चिठ्ठ्या देत, मी नोंदी करत असे. सगळं नियमाने चाललेलं. आणि मी प्रत्येकाला विचारत असे, "गाभण आहे का?" मलमाला विचारायचो, पावडरीला विचारायचो, चिठ्ठीवर डॉक्टरांची सही असताना विचारायचो. लोक हसायला लागले. एक म्हणाला, "शेटला म्हातारचळ लागला." मी हसून घेतलं. मला एकच गोष्ट टोचत होती. त्या दिवशी मी इंजेक्शन दिलं नाही याचा दोष नव्हता. ते द्यायचंच नव्हतं. पण देणार नसलो तरी विचारायला काय झालं होतं? विचारलं असतं तर मला पेढा आठवला असता. मी म्हटलं असतं, ताई, हे इंजेक्शन कोणी फुकट दिलं तरी टोचू नका. एवढ्या एका वाक्याला कुठल्याही सरकारची बंदी नव्हती. चिठ्ठी आली आणि मी प्रश्न सोडला. विकायचंच नाही तर विचारायचं कशाला, असा शुद्ध दुकानदारी विचार मी केला होता. मला माझी लाज वाटत होती.

भाद्रपदात पर्युषण आलं. शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, आम्ही जैन सगळ्यांची माफी मागतो. कळत-नकळत काही चुकलं असेल, मन दुखावलं असेल, तर क्षमा करा. लहानपणी वडिलांचं बोट धरून घरोघर जात होतो. हात जोडून समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणावं लागायचं. मोबाइल आल्यापासून ही माफी फुलांच्या चित्रासकट दोन-तीनशे जणांना एका दमात जाते, आणि तिकडून हात जोडल्याचं चित्र परत येतं. त्या वर्षी यादी करताना मी ताईच्या नंबरापाशी थांबलो. तिला ते फुलांचं चित्र पाठवायला बोट धजेना. कळत-नकळत कशाला? मला तर नेमकं कळत होतं.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी ती दुकानात आली. गोचिडाची पावडर हवी होती. दुकानात कोणी नव्हतं. मी पावडर काढली नाही, उभा राहिलो आणि हात जोडले. म्हटलं, "ताई, आमच्यात या दिवसांत माफी मागतात. मला तुमची मागायची आहे."

ती गडबडली. "माजी? तुमी कशापायी? तुमी तर दिलंच न्हाई."

"दिलं नाही ते खरं. पण त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं नाही, गाय गाभण आहे का म्हणून. दर वेळी विचारतो. त्याच दिवशी विचारलं नाही. मला माहीत असून आठवलं नाही."

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. बाहेर जीपवाला ओतूर, ओतूर म्हणून ओरडत होता. मला वाटलं, ती म्हणेल जाऊ द्या शेट, व्हायचं ते झालं. इकडची माणसं असंच म्हणतात आणि विषय मिटवतात. मी तेवढ्याचीच वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू.

"दिरानं इचारलं व्हतं मला," ती म्हणाली. "सुई भरली आन म्हनला, वहिनी, गाभणीला चालतंय का बघा. माज्यापाशी इचारून मगच टोचलं त्यानं."

"मग?"

"म्या म्हनले, चालतंय. टोचा." तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या बघण्यात राग नव्हता, म्हणून ते मला सोसेना. "म्या म्हनले, न चालणारं असतं तर शेटनी इचारलं असतं. कुठल्या औषधाला गाभणीचं वावडं हाय ते त्यांना ठावं. त्यांनी निस्ती चिठ्ठीच मागितली. म्हंजी औषधाचं काय नडत न्हाई, कागुदच नडतोय."

इतके महिने मला वाटत होतं की त्या दिवशी मी काही बोललो नाही. ती माझं न विचारणंच ऐकून गेली होती.

थोड्या वेळाने तिनेच कपाटाकडे बोट दाखवलं. मी पावडरीचा डबा काढला, कागदात बांधला आणि तिच्यापुढे ठेवला. तिने तो उचलला नाही. उभीच राहिली.

"इचारा की," ती म्हणाली.

मी विचारलं, "गाभण आहे का?"

"न्हाई," ती म्हणाली. "दोनदा उलटली." मग तिने पुडकं पिशवीत टाकलं आणि जीपकडे गेली.